आपल्या डब्यातली गोळी, त्याचे दुखणे



गेल्या महिन्यातली गोष्ट. तपासणी संपवून मी औषधांची चिठ्ठी पुढे केली. समोरच्या आजींनी ती घडी करून पिशवीत ठेवली, उठता उठता पुन्हा बसल्या आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, आमचा टॉमी कालपासून जेवत नाही हो. अंग गरम लागतंय. माझ्यातलीच तापाची अर्धी गोळी दिली तर चालेल का?"

हा प्रश्न मला नवा नाही. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. मुले पुण्याला नाहीतर परदेशी, घरात दोन माणसे, कधी एकच, आणि सोबतीला एक कुत्रा किंवा मांजर. पशुवैद्याकडे जायचे तर रिक्षावाला कुत्रे घ्यायला तयार नसतो आणि उचलून न्यायला हातात बळ नसते. रस्त्यापलीकडचा फॅमिली डॉक्टर मात्र वीस वर्षांच्या ओळखीचा. मग प्रश्न त्याच्याकडेच येणार.

मी माणसांचा डॉक्टर आहे. प्राण्यांवर उपचार करण्याचे शिक्षण मी घेतलेले नाही, तो अधिकारही मला नाही. तरीही आजचे सदर या विषयाला देतो आहे, कारण या प्रश्नाला मी एकदा चुकीचे उत्तर दिलेले आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी सांगलीत माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येत असत. पत्नी गेल्यानंतर ते एकटेच राहत. घरात एक पांढरी मांजरी होती, पत्नीने पाळलेली. एका रात्री त्यांचा फोन आला : मांजरी शिंकते आहे, अंग तापले आहे, काय करू? मी दिवसभराच्या कामाने थकलो होतो. फारसा विचार न करता म्हणालो, "पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या, सकाळी बघू." सकाळी तिचे तोंड सुजले होते, हिरड्या तपकिरी पडल्या होत्या आणि ती धापा टाकत होती. पशुवैद्याकडे नेईपर्यंत उशीर झाला. दुपारी ती गेली.

गुरुजींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "तुम्हाला तरी काय कल्पना असणार," एवढेच म्हणाले. पण त्यांचे सकाळचे फिरणे थांबले, जेवण तुटले आणि आटोक्यात असलेला रक्तदाब पुढचे कित्येक महिने जागेवर येईना. एका अर्ध्या गोळीने मी एक जीव घालवला आणि दुसऱ्याचा आधार काढून घेतला. मला कल्पना असायला हवी होती. नसेल, तर "मला माहीत नाही" असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा तरी हवा होता.

मांजर म्हणजे लहान मूल नव्हे

आपली समजूत अशी असते, की मोठ्या माणसाला एक गोळी, लहान मुलाला पाव, तर कुत्र्यामांजराला त्याहून थोडी कमी. चूक इथेच होते. प्रश्न केवळ वजनाचा नसतो. पोटात गेलेले औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यकृताची रीत प्रत्येक प्राण्यात वेगळी असते. पॅरासिटामॉल निकामी करणारी जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. त्यामुळे औषधापासून तयार होणारे विषारी द्रव्य शरीरात साठते, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट करते आणि हिरड्यांचा गुलाबी रंग तपकिरी किंवा निळसर होतो. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. यावर उतारा आहे, पण तो पशुवैद्याकडे आणि पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो.

कुत्र्यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. गुडघेदुखीसाठी आपण घेतो त्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते, रक्तदाबाच्या गोळ्यांनी तो कोसळू शकतो. आणि या गोळ्या आपण हाताने देतोच असे नाही. उशाशी ठेवलेला औषधाचा डबा, हातातून निसटून पलंगाखाली गेलेली गोळी, प्लॅस्टिकची पट्टी चघळण्याचा पिल्लाचा नाद, एवढे पुरते. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे : औषधाचा डबा झाकणाचा असावा, तो बंद कपाटात किंवा फडताळात असावा, आणि गोळी खाली पडली तर ती सापडेपर्यंत शोधावी.

गोचिडांच्या बाबतीतही असेच घडते. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळले जाते. कुत्रा ते चाटतो आणि तासाभरात लाळ गळणे, थरथर, झटके सुरू होतात. कुत्र्यांच्या मानेवर सोडण्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला विषासमान आहे. तेव्हा कुत्र्याचे उरलेले औषध मांजराला कधीही लावू नये.

बेदाण्याचा डबा

सांगली-तासगाव भागातल्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे बेदाणा विकत आणावा लागत नाही, तो कुणाकडून तरी घरी येतो. देवापुढची वाटी, शिऱ्यावरची पेरणी, नातवाच्या मुठीतले चार दाणे. त्यातले दोन कुत्र्याला. माणसाला पौष्टिक असलेली ही वस्तू कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. द्राक्षे आणि बेदाणे यांतील टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे अलीकडे मानले जाते. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोड्याशाने बंद पडतात. त्यामुळे "आमच्याने तर नेहमी खाल्लेत" हा अनुभव पुराव्यासारखा धरू नये.

कांदा आणि लसूण यांनी कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आमटीतला शिजलेला कांदाही त्यातच आला. चॉकलेट कुत्र्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला त्रासदायक असते. साखरविरहित गोळ्यांमध्ये आणि च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरवते. मधुमेही माणसांच्या घरात असे पदार्थ असण्याची शक्यता अधिक, म्हणून ही सूचना. यांपैकी काहीही पोटात गेल्याचे कळले तर लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नये. किती आणि केव्हा खाल्ले, हे लक्षात ठेवून पशुवैद्याला लगेच फोन करावा.

मग आपण करायचे काय?

औषध देणे हे आपले काम नाही. पाहणे हे आपले काम आहे. प्राण्याला "इथे दुखते" असे सांगता येत नाही, त्यामुळे पशुवैद्याचा निम्मा भार पाळणाऱ्याच्या नजरेवर असतो.

आधी तापाविषयी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. मांजराचेही जवळपास तेवढेच. म्हणजे निरोगी कुत्रा आपल्या हाताला गरमच लागणार. नाक कोरडे किंवा ओले असण्यावरून ताप ठरत नाही. आजींच्या टॉमीला ताप असेलही, पण हाताच्या स्पर्शावरून ते कळणार नाही.

यापेक्षा पाच गोष्टी पाहा. खाणे, पाणी, लघवी, शौच आणि श्वास. प्राणी गाढ झोपलेला असताना त्याच्या छातीची हालचाल एक मिनिट मोजा. ती सतत तीसच्या वर जात असेल, तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असू शकतो. ओठ हळूच उचलून हिरड्या पाहा. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या बाबतीत खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहावा. पांढरट, पिवळा किंवा निळसर रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वारंवार दिसणाऱ्या तक्रारींपैकी काहींचा उल्लेख करतो.

गोचिडांमुळे येणारा ताप आपल्या भागात नेहमीचा. कुत्रा मलूल होतो, खात नाही, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते किंवा लघवी गडद होते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. कान, मान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा रोज चाचपावी. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये.

पिल्लांमध्ये पार्व्हो हा विषाणू सर्वांत भीषण. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब, आणि पिल्लू एका दिवसात वाळून जाते. येथे दहीभातावर थांबणे म्हणजे वेळ घालवणे. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. पहिल्या डोसवर निश्चिंत राहू नये.

कान सारखा खाजवणे, डोके झटकणे, कानाला वास येणे ही कानाच्या संसर्गाची लक्षणे. कानात तेल सोडू नये. त्वचेवर गोल चट्टे पडून केस गळत असतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. मांजर मांडीवर घेणाऱ्या आजींच्या हातावर नायटा उठतो, तेव्हा मी हल्ली आधी मांजराची चौकशी करतो. एकालाच औषध दिले तर नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

बोका वाळूत वारंवार बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजू नये. लघवीचा मार्ग बंद झाला असेल तर एकदोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तरी त्याच्या यकृताला अपाय होतो. "रुसले असेल" म्हणून सोडून देऊ नये.

शस्त्रक्रिया न झालेली वयस्क कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी फार पाणी पिऊ लागली, सुस्तावली, पोट फुगले किंवा स्राव दिसू लागला, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. हा तातडीचा आजार आहे.

उन्हाळ्यात चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, म्हणजे पगसारख्या जातींना, उष्माघात लवकर होतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. फिरवणे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा ठेवावे. कोसळलाच तर सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि दवाखान्याकडे निघावे.

त्याच्यापासून आपल्याला

आता माझ्या अधिकारातले काही सांगतो.

6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली गेली आणि तो वाचला. त्या दिवसाची आठवण म्हणून 6 जुलै हा प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या आजारांविषयीचा जागतिक दिन मानला जातो. इतकी वर्षे लोटली, तरी रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचवण्याचा भरवशाचा उपाय आजही आपल्या हाती नाही. जे काही करायचे, ते आधी.

चावा असो वा ओरखडा, घरच्या कुत्र्याचा असो वा रस्त्यावरच्या, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. सांगलीची हळद बाजारात कितीही नावाजलेली असो, चाव्यावर तिचा उपयोग नाही. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. दंडात दिली तर चौदाव्या दिवशीचा एक डोस वाढतो. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. "कुत्रा घरचाच आहे, त्याला लस दिलेली आहे" म्हणून निर्णय स्वतः घेऊ नये, तो डॉक्टरांवर सोपवावा.

रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधा ओरखडाही फार वेळ रक्तस्राव करतो. मधुमेहींच्या पायावरची जखम कुत्र्याने चाटली, तर त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. "त्याच्या चाटण्याने जखम भरते" ही समजूत आता सोडायला हवी.

कृष्णाकाठच्या आपल्या लोकांना 2005, 2019 आणि 2021 चे महापूर विसरता येणार नाहीत. आयर्विन पुलाची पातळी विचारत काढलेल्या त्या रात्री अनेकांनी घर सोडले, पण जनावरांना आणि कुत्र्यामांजरांना सोडले नाही. पुराच्या पाण्याबरोबर लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, पुढे कावीळ. पावसाळ्यानंतर असा ताप आला, तर "घरात प्राणी आहे, पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुत्र्यांसाठी या आजाराची लस उपलब्ध आहे, तिची पशुवैद्यांकडे चौकशी करावी.

आधीच करून ठेवायची तयारी

छातीत दुखत असूनही दाखल व्हायला नकार देणारे रुग्ण मी पाहिले आहेत. कारण खोदून विचारले, तर शेवटी बाहेर येते : "मी इथं राहिलो तर त्याला कोण बघणार?" नातेवाईक अशा वेळी चिडतात. चिडू नये. त्या माणसाच्या दृष्टीने तो खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर आजारपणाच्या रात्री नव्हे, आधी शोधायचे असते.

प्राण्याला ओळखणारा एक शेजारी ठरवून ठेवा. त्याच्याकडे घराची किल्ली असू द्या. एका कागदावर प्राण्याचे वय, वजन, खाणे, लसींच्या तारखा, पशुवैद्याचा क्रमांक आणि प्राणी घेऊन जाणाऱ्या रिक्षावाल्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. मांजरासाठी झाकणाची टोपली आणि कुत्र्यासाठी मुसके घरात असावे. दुखणाईत प्राणी मालकालाही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, हे एकदा जाऊन पाहून या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या दुखण्यात आपल्या पशुवैद्यांना विचारून तेथेही जाता येते.

माझी आई साताऱ्याला राहते. वय ब्याऐंशी. तिच्याकडे तेरा वर्षांचा एक गावठी कुत्रा आहे. दोघांचेही गुडघे दुखतात. दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. त्याच्या डब्यावर तिने लाल दोरा बांधला आहे. दिनदर्शिकेवर दुधाच्या नोंदीखाली ती रोज एक खूण करते : जेवला तर बरोबरची, नाही जेवला तर फुली. गेल्या श्रावणात सलग दोन फुल्या पडल्या, तेव्हा तिने मला विचारले नाही. थेट पशुवैद्यांना फोन केला. दाढ किडली होती. ती काढली आणि चौथ्या दिवशी तो पुन्हा भाकरी खाऊ लागला. रविवारी गेलो, तेव्हा तिने मला ते पान दाखवले. "तू माणसांचा डॉक्टर," ती म्हणाली, "तुला कशाला त्रास?"

टॉमीच्या आजींना मी त्या दिवशी गोळी लिहून दिली नाही. ओळखीच्या पशुवैद्यांना माझ्याच टेबलावरून फोन लावला आणि बाहेर बसलेल्या एका तरुण रुग्णाला त्यांच्यासोबत जाण्याची विनंती केली. गोचिडांचा ताप निघाला. तो बरा आहे. परवा आजी रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसून होता.

आजच एक काम करा. औषधाचा डबा कुठे आहे, ते पाहा. तो खाली असेल, तर उचलून वरच्या फळीवर ठेवा.